दगड, तेल आणि मधला खारा पापुद्रा

वाचकांचे प्रश्न

तेलसाठ्यातल्या दगडांच्या वेटेबिलिटीबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. तेल आणि पाणी दोन्ही समोर असताना दगडाचा पृष्ठभाग कोणाला जवळ करतो, ती त्याची वेटेबिलिटी. पाण्याला जवळ करणाऱ्या दगडाला खाली जलस्नेही म्हटलं आहे आणि तेलाला जवळ करणाऱ्याला तैलस्नेही.

प्रश्न : स्वच्छ क्वार्ट्‌झवर पाणी छान पसरतं, म्हणजे तो जलस्नेही. मग क्वार्ट्‌झच्याच दाण्यांचा वालुकाश्म तेलसाठ्यात तैलस्नेही कसा निघतो?

साठ्यातला दगड आधी पाण्यात होता, तेल तिथे नंतर आलं. दगडाच्या छिद्रांत खारं पाणी भरलेलं असताना खालून तेल शिरलं आणि त्याने छिद्राच्या मधलं पाणी हुसकावलं. भिंतींवरचं सगळं पाणी मात्र निघालं नाही. कोपऱ्यांत ते राहिलं आणि सपाट भिंतीवर काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा राहिला. तो शाबूत असेपर्यंत तेल आणि खनिज यांची गाठच पडत नाही, आणि दगड जलस्नेही राहतो.

पापुद्रा फाटला की कच्च्या तेलातले ध्रुवीय रेणू, म्हणजे अस्फाल्टीन आणि रेझिन हे जड घटक, कार्बॉक्सिलिक आम्लं आणि नायट्रोजनयुक्त आम्लारी (बेस), थेट खनिजावर बसतात. एकदा बसले की नुसत्या पाण्याने धुऊन ते निघत नाहीत. शुद्ध केलेलं खनिज तेल (मिनरल ऑइल) वापरून केलेल्या प्रयोगात दगड जलस्नेहीच दिसतो तो यामुळेच, कारण चिकटायला लागणारे रेणू त्या तेलात नसतात.

प्रश्न : हा पापुद्रा फाटतो कशामुळे? त्यात मिठाचा नेमका संबंध काय?

या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पापुद्र्याच्या एका बाजूला दगड असतो, दुसऱ्या बाजूला तेल. हे दोन पृष्ठभाग एकमेकांना ढकलत असतील तर पापुद्रा टिकतो, ओढत असतील तर तो पातळ होत जातो. या ढकलण्याला डिसजॉइनिंग प्रेशर म्हणतात, आपण त्याला विलगदाब म्हणू. त्यात तीन बळांची बेरीज असते. पहिलं व्हॅन डर वाल्स ओढीचं. ते बहुतेक वेळा दोघांना जवळ आणतं आणि अंतर कमी होईल तसं झपाट्याने वाढतं. दुसरं विद्युतभाराचं. पाण्यातल्या प्रत्येक भारित पृष्ठभागाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा ढग जमतो, आणि असे दोन ढग एकमेकांत घुसू लागले की बळ तयार होतं. ही दोन बळं एकत्र मांडणारा सिद्धांत डेरयागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडला. तिसरं बळ अगदी जवळच्या अंतरावरचं : पृष्ठभागाला आणि आयनांना घट्ट धरून असलेले पाण्याचे रेणू सहज बाजूला होत नाहीत.

मिठाचा पहिला परिणाम त्या आयनांच्या ढगावर होतो. साध्या मिठाच्या द्रावणात २५ अंश सेल्सिअसला ढगाची जाडी, म्हणजे डिबाय लांबी, काढायची सोपी रीत अशी : ०.३०४ ला मोलर संहतीच्या वर्गमुळाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. लिटरला १ ग्रॅम मीठ असेल तर संहती ०.०१७ मोलर आणि जाडी साधारण २.३ नॅनोमीटर. समुद्राच्या पाण्याची आयनिक तीव्रता (सगळ्या आयनांचे भार धरून काढलेली संहती) ०.७ च्या आसपास असते, तिथे जाडी ०.३६ नॅनोमीटरवर येते. लिटरला १०० ग्रॅम मीठ असेल तर जेमतेम ०.२३. इतक्या खाऱ्या पाण्यात विद्युत ढकल फार जवळ आल्याशिवाय जाणवतच नाही, आणि तोवर व्हॅन डर वाल्स ओढ वरचढ झालेली असते.

दुसरा परिणाम आयन कोणता आहे यावर अवलंबून असतो, आणि आमच्या मते संहतीपेक्षा हाच जास्त निर्णायक ठरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दोन धनभार असतात. ऋणभारित दगड आणि ऋणभारित तेल यांच्यामध्ये असा आयन पुलासारखा बसू शकतो : एक हात दगडातल्या चिकणमातीच्या ऋणभारित जागेला, दुसरा तेलातल्या कार्बॉक्सिलेटला, म्हणजे आम्लाच्या ऋणभारित रूपाला. नुसत्या सोडियमच्या पाण्यात असा पूल बांधला जात नाही. उलट सोडियम आयन आपल्याभोवतीचं पाणी सहसा सोडत नाही, म्हणून बऱ्याच संहतीच्या सोडियम क्लोराइडमध्येही एखाद-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा तग धरू शकतो. ‘मीठ वाढलं की पापुद्रा फाटतो’ एवढंच सूत्र धरून बसलात तर फसाल. पाण्याचं पूर्ण आयन-विश्लेषण हातात घ्या.

तिसरा घटक सामू (pH). क्वार्ट्‌झचा पृष्ठभाग सामू २ ते ३ च्या वर ऋणभारित असतो. तेल-पाणी सीमेवरची आम्लं सामू वाढेल तशी विघटित होऊन ऋणभार देतात, आणि कमी सामूला तेलातले आम्लारी धनभार घेतात. म्हणून सामू ८ ला दोघं ऋण असल्याने ढकल असते, तर सामू ४ च्या सुमाराला दगड ऋण आणि तेल धन होऊन ओढ तयार होऊ शकते. साठ्यातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तेच पाणी वर आणून उघड्या चंचुपात्रात मोजलं तर वायू निघून जातो आणि सामू खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. या एका चुकीमुळे पापुद्र्याबद्दलचा सगळा अंदाज उलटा निघू शकतो.

आता दाबाकडे या. पापुद्र्याला तेलाकडून दाबणारा असतो केशिकादाब, म्हणजे तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जितका जास्त तितका. मुक्त जलपातळीपासून, म्हणजे जिथे हा फरक शून्य असतो तिथून, जितकं वर जाल तितका तो वाढतो. तेल आणि पाणी यांच्या घनतेतला फरक घनमीटरला २५० किलो धरला तर ४० मीटर उंचीवर तो साधारण ९८ किलोपास्कल होतो, १०० मीटरवर २४५. विलगदाबाची जी कमाल मर्यादा असेल ती केशिकादाबाने ओलांडली की जाड पापुद्रा कोसळतो आणि एक-दोन रेणूंचा थर उरतो, किंवा तोही उरत नाही. एकाच साठ्यात माथ्याजवळचा दगड तैलस्नेहीकडे झुकलेला आणि तळाजवळचा जलस्नेही सापडतो, त्याचं एक मोठं कारण हे.

भिंतीचा आकारही मोजा. दाण्याचा जो फुगवटा छिद्रात पुढे आलेला असतो, त्यावर पापुद्र्याला केशिकादाबापेक्षा जास्त दाब सोसावा लागतो. खोलगट भागात वक्रताच काही दाब पेलते. त्यामुळे फुगवट्यावर पापुद्रा आधी फाटतो आणि खोबणीत टिकतो. एकाच छिद्राच्या भिंतीवर दोन स्वभाव तयार होतात ते असे.

प्रश्न : मिश्र वेटेबिलिटी म्हणजे मधली वेटेबिलिटी का?

नाही, आणि हा गोंधळ फार जुना आहे. मधल्या वेटेबिलिटीत सगळा पृष्ठभाग सारखाच असतो, त्याची ओढ कोणाकडेच ठळक नसते. मिश्र दगडात काही भिंती पक्क्या तैलस्नेही असतात आणि काही पक्क्या जलस्नेही. ही कल्पना सॅलाथिएल यांनी १९७३ मध्ये ईस्ट टेक्सास तेलक्षेत्राच्या संदर्भात मांडली. समजा केशिकादाब ९८ किलोपास्कल आहे आणि तेल-पाणी पृष्ठताण मीटरला २५ मिलिन्यूटन. तेव्हा तेल सुमारे ०.५ मायक्रॉन त्रिज्येपेक्षा रुंद वाटांतच शिरू शकतं. त्याहून बारीक छिद्रांत तेल कधी पोचलंच नाही, ती जलस्नेहीच राहिली. मोठ्या छिद्रांत तेल शिरलं आणि पापुद्रा फाटला. आता त्या मोठ्या छिद्रांच्या भिंतींवर तेलाची सलग वाट असते, आणि तेल काढण्यासाठी साठ्यात पाणी ढकलत राहिल्यावर तेल त्या वाटेने अगदी सावकाश, पण बराच काळ झिरपत बाहेर येतं. उरलेलं तेल खूप कमी प्रमाणापर्यंत उतरू शकतं, फक्त त्यासाठी छिद्र-आकारमानाच्या अनेक पट पाणी जावं लागतं.

प्रश्न : चुनखडीला हेच नियम लागू आहेत का?

नियम तेच, फक्त चिन्हं बदलतात. कॅल्साइटचा पृष्ठभाग साठ्यातल्या कॅल्शियमयुक्त पाण्यात सहसा धनभारित असतो आणि तेलातली आम्लं ऋणभारित. म्हणजे पापुद्र्याच्या दोन्ही बाजू एकमेकांना ओढतात. म्हणून बहुतेक कार्बोनेट साठे मधल्या ते तैलस्नेही टोकाकडे झुकलेले असतात, आणि तिथे तेलाचा आम्लांक (त्यातल्या आम्लांचं प्रमाण) पाहणं अत्यावश्यक आहे. सल्फेट हा इथला महत्त्वाचा आयन. तो कॅल्साइटवर बसून त्याचा धनभार कमी करतो, मग कॅल्शियम पृष्ठभागाजवळ येऊन आम्लाला सोडवतो. तापमान जास्त असेल तर मॅग्नेशियमही पृष्ठभागावरच्या कॅल्शियमची जागा घेतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क या खडूच्या साठ्यात समुद्राचं पाणी सोडायला १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली आणि ते पाणी तिथे चांगलं लागू पडलं. तेव्हा कार्बोनेटसाठी पाणी फक्त गोडं करून भागत नाही, सल्फेट किती ठेवलं ते विचारा.

प्रश्न : प्रयोगासाठी कृत्रिम समुद्राचं पाणी बनवलं की ते गढूळ होतं. प्रमाण बरोबर आहे. चूक कुठे?

बहुधा मिसळण्याच्या क्रमात, आणि कधीकधी वजनातही. एक लिटरसाठी ढोबळ प्रमाण असं : सोडियम क्लोराइड २४.५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ११.१, निर्जल सोडियम सल्फेट ४.१, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५, पोटॅशियम क्लोराइड ०.७, सोडियम बायकार्बोनेट ०.२.

सुमारे ८०० मिलिलिटर डिआयोनाइज्ड पाण्यात आधी सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि सल्फेट विरघळवा. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड वेगळ्या पात्रात १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि ढवळत ढवळत हळूहळू मुख्य द्रावणात सोडा. बायकार्बोनेट थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी घाला, मग एक लिटर पूर्ण करा. कोरड्या भुकट्या एकदम ओतल्या तर कणाभोवती क्षणभर कॅल्शियमची संहती फार वाढते आणि कार्बोनेट किंवा सल्फेट साकळतं. नंतर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून व्हॅक्यूमने हवा काढा. व्हॅक्यूम फार वेळ ठेवू नका, कारण कार्बन डायऑक्साइड निघून सामू चढतो आणि पुन्हा गढूळपणा येतो.

वजनातली नेहमीची चूक हायड्रेटची. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलेलं असताना निर्जल क्षाराचं वजन घेतलं तर कॅल्शियम सुमारे पाऊण पटच पडतं. मॅग्नेशियमच्या हेक्झाहायड्रेटमध्ये तर निम्म्याहून कमी. निर्जल कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, उघडी राहिलेली बाटली वापरू नका. साठ्यातल्या पाण्यात बेरियम असेल तर त्याची आणि सल्फेटच्या पाण्याची कोअरमध्ये (साठ्यातून कापून आणलेल्या दगडाच्या नमुन्यात) गाठ घालण्यापूर्वी बाहेर काचेच्या नळीत मिसळून बघा. बेरियम सल्फेट छिद्रं बुजवतं आणि ते विरघळवणं फार कठीण असतं.

प्रश्न : क्वार्ट्‌झच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) दर वेळी वेगळा येतो. एकदा ३०, एकदा ११० अंश. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन ७५ अंशांपर्यंत जलस्नेही, ७५ ते १०५ मधला आणि त्यापुढे तैलस्नेही, अशी ढोबळ विभागणी आहे. पण पाणी पुढे सरकताना मोजलेला कोन आणि मागे हटताना मोजलेला कोन यांत तेलाने माखलेल्या पृष्ठभागावर मोठा फरक पडतो. तुम्ही यातला कोणता मोजला ते आधी लिहा. साठ्यात पाणी सोडण्याचा विचार असेल तर पाणी पुढे सरकतानाचा कोन उपयोगाचा.

मग तयारी तपासा. पट्टी साठ्याच्या पाण्यात निदान एक दिवस ठेवा, म्हणजे पापुद्रा आधी तयार होतो. ती बाहेर काढून वाळवली तर मिठाचे स्फटिक जमतात आणि सगळं वाया जातं. जास्तीचं पाणी निथळू द्या आणि ओली असतानाच साठ्याच्या तापमानाच्या कच्च्या तेलात बुडवा. काही तासांचा कोन आणि तीन आठवड्यांनंतरचा कोन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण पापुद्रा फाटणं आणि रेणू बसणं या दोन्हीला वेळ लागतो. सिलिकॉन ग्रीस, रबरी नळी, साबणाचा अंश यांपैकी काहीही लागलं तर पट्टी बाद करा.

प्रश्न : कोअर आपणहून किती पाणी आणि किती तेल शोषतो हे मोजणाऱ्या अमॉट चाचणीत आमच्या कोअरने आधी आपणहून पाणी शोषलं, नंतर तेलही शोषलं. उपकरण बिघडलं आहे का?

उपकरण आधी तपासा, पण असा निकाल मिश्र वेटेबिलिटीची ठळक खूण आहे. उदाहरण घ्या. आपणहून शिरलेल्या पाण्याने १.२ मिलिलिटर तेल बाहेर काढलं आणि जोर लावून आणखी २.८ निघालं, तर पाण्याचा निर्देशांक १.२ भागिले ४.०, म्हणजे ०.३०. उलट फेरीत तेलाने आपणहून ०.४ आणि जोराने ३.६ मिलिलिटर पाणी काढलं, तर तेलाचा निर्देशांक ०.१०. वजाबाकी करून अमॉट-हार्वी निर्देशांक ०.२० येतो. उणे ०.३ ते अधिक ०.३ हा मधला पट्टा, म्हणून अहवालात ‘मधली’ असं लिहिलं जातं आणि मिश्रपणाची माहिती त्या एका आकड्यात बुडते. दोन्ही निर्देशांक वेगवेगळे छापा.

फसवणारी एक गोष्ट तापमानाची. थंड कोअर सेलमध्ये ठेवून नंतर ६० अंशांनी तापवला, आणि त्यात १५ मिलिलिटर तेल असेल, तर नुसत्या प्रसरणाने सुमारे ०.७ मिलिलिटर तेल बाहेर येतं. ते शोषणामुळे आलं असं समजलात तर तैलस्नेही दगडही जलस्नेही ठरेल. कोअर आणि पाणी दोन्ही आधी तापमानाला आणा. आणि घाई नको. जुन्या पद्धतीत शोषणाला २० तास दिले जात, पण मिश्र दगडाला ते पुरत नाहीत. वाचन स्थिर होईपर्यंत, गरज पडल्यास दहा दिवस आणि जास्तही थांबा.

चाचणीच्या आधीची तयारी हीच बहुतेक वेळा दोषी असते. टोल्युइन आणि मेथनॉलने कोअर धुतला की दगड सहसा जलस्नेही टोकाकडे जातो. मग साठ्याचं पाणी भरणं, कच्च्या तेलाने ते मूळ प्रमाणापर्यंत खाली आणणं आणि साठ्याच्या तापमानाला सुमारे १००० तास मुरवणं, एवढं केल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. पाण्याचं प्रमाण जास्त राहिलं तर पापुद्रा जाड राहतो आणि कितीही मुरवलं तरी फाटत नाही. मुरवल्यावर कच्चं तेल काढून खनिज तेल भरायचं असेल तर मध्ये डेकॅलिन या द्रावकाचा टप्पा ठेवा. पेंटेन किंवा हेप्टेन थेट सोडलं तर अस्फाल्टीन छिद्रांतच साकळतं.

प्रश्न : मग साठ्यात कमी खारं पाणी सोडलं की पापुद्रा पुन्हा जाड होऊन तेल सुटेल?

वालुकाश्मात ते घडू शकतं, पण तीन गोष्टी जुळाव्या लागतात : दगडात चिकणमाती, मूळ पाण्यात कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयन, आणि तेलात ध्रुवीय रेणू. यातलं एक नसेल तर फायद्याची आशा ठेवू नका. सहसा लिटरला १ ते ५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी यासाठी वापरतात. आयनांचा ढग फुगून ढकल वाढते, आणि चिकणमातीवरचे कॅल्शियमचे पूल सुटून त्या जागी दुसरे आयन बसतात. आमचा कल दुसऱ्या कारणाकडे जास्त आहे. म्हणून सोडायच्या पाण्यात एकूण क्षार कमी असून चालत नाही, त्यातलं कॅल्शियम मूळ पाण्यापेक्षा बरंच कमी हवं.

धोकाही त्याच चिकणमातीत आहे. क्षार एका मर्यादेखाली गेले की केओलिनाइट या चिकणमातीचे कण सुटून अरुंद वाटांत अडकतात आणि स्मेक्टाइट ही दुसरी चिकणमाती फुगते. कोअरवर पाणी एकदम गोडं न करता टप्प्याटप्प्याने उतरवा, प्रत्येक टप्प्याला दाबफरक बघा आणि बाहेर येणारं पाणी गढूळ होतं का ते बघा. दाब चढून खाली आला नाही तर तो टप्पा मर्यादेच्या पलीकडचा. तिथून वर या.

प्रश्न : विहिरीतल्या रोधकतेच्या लॉगशी (खोलीनुसार मोजलेल्या विद्युत रोधकतेच्या नोंदीशी) या पापुद्र्याचा काही संबंध?

थेट संबंध आहे. दगडात वीज वाहते ती खाऱ्या पाण्यातून. पापुद्रा सलग असेल तर पाणी कमी असूनही वाट तुटत नाही, आणि रोधकतेवरून पाण्याचं प्रमाण काढणाऱ्या आर्ची यांच्या १९४२ च्या सूत्रातला संपृक्ततेचा घातांक २ च्या आसपास राहतो. पापुद्रा फाटून पाण्याचे तुकडे पडले की घातांक बराच चढतो. समजा रोधकता पूर्ण पाण्याने भरलेल्या दगडाच्या १६ पट आली. घातांक २ धरला तर पाणी २५ टक्के, ४ धरला तर ५० टक्के. म्हणजे ७५ टक्के तेल म्हणून नोंदवलेल्या थरात प्रत्यक्षात निम्मंच तेल असू शकतं. मिश्र किंवा तैलस्नेही दगडाचा संशय असेल तर घातांक २ गृहीत धरू नका. कच्च्या तेलात मुरवलेल्या कोअरवर तो मोजून घ्या, आणि धुतलेल्या कोअरवर मोजलेला आकडा त्याच्या जागी वापरू नका.